आधीच्या सिस्टिमचे उच्चाटन

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या संगणकाने मला कळवले, की त्याच्या पोटात आता एका स्वल्पविरामालाही जागा उरलेली नाही. मी स्वल्पविरामच घालत होतो. सहाशे बारा पानांच्या ग्रंथातला तो शेवटचा स्वल्पविराम होता, आणि तो ग्रंथ सायंकाळी पाचच्या आत मुद्रकाकडे पोचायचा होता.

ग्रंथ माझा नव्हे, माझ्या गुरुजींचा. 'संक्षेपमीमांसा' हे त्याचे नाव. थोडक्यात कसे सांगावे, या विषयावर गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस जे चिंतन केले, ते त्यांनी पाकिटांच्या पाठीवर आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, ते सगळे कागद माझ्या ओंजळीत घातले. मी ते टंकलिखित केले आणि वाचकाची अडचण होऊ नये म्हणून काही टिपा जोडल्या. टिपांना नऊ वर्षे लागली.

येत्या रविवारी गुरुजींची जन्मशताब्दी होती आणि त्या दिवशी पुस्तक काकूंच्या हातात ठेवायचे ठरले होते. काकूंना एकोणनव्वद पूर्ण. डाव्या डोळ्याने त्यांची साथ केव्हाच सोडली होती, आणि उजवाही आता फार दिवस वाचू देणार नाही, असे नेत्रवैद्याने स्पष्ट सांगितले होते. मुद्रक त्याहून स्पष्टवक्ता. आज पाचपर्यंत मजकूर आला नाही, तर यंत्रावर दुसऱ्याचे काम चढेल आणि ते तीन आठवडे उतरणार नाही, हे त्याने मला तीन वेळा निरनिराळ्या शब्दांत बजावले होते.

संगणकाचे पोट इतक्या लवकर भरावे याचे मला नवल वाटले, कारण तीनच आठवड्यांपूर्वी माझ्या भाच्याने त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. ज्या मूळ व्यवस्थेच्या बळावर हे यंत्र चालते तिला सिस्टिम म्हणतात, एवढे ज्ञान मला त्याच्याकडूनच झाले. "मामा, जुनी फार म्हातारी झाली होती," असे तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहून जरा गडबडला. पुढेही तो बरेच काही सांगत होता. परंतु त्या वेळी मी त्याला 'प्रणाली' या शब्दाची व्युत्पत्ती सांगत असल्यामुळे त्याचे बोलणे माझ्या कानांपर्यंत पूर्णपणे पोचू शकले नाही.

मी अशा विवंचनेत असताना शेजारचे दंतवैद्य आमचे वर्तमानपत्र न्यायला आले. ते दुपारी दवाखाना उघडतात आणि सकाळी इतरांच्या अडचणी सोडवतात. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले, चष्मा वर सरकवला आणि दोन ठिकाणी बोट लावायला सांगितले. तत्काळ एक यादी उघडली. यंत्रात कोणत्या वस्तूने किती जागा अडवली आहे याची ती जंत्री होती, आणि तिच्या अग्रभागी लिहिले होते: आधीची सिस्टिम, अठ्ठेचाळीस जीबी.

"ही पाहा नाना, किडलेली दाढ," दंतवैद्य म्हणाले. "नवीन बसवली, आणि जुनी तशीच आत ठेवली. दुखणार नाही तर काय होईल?"

खरे तर याच क्षणी मला माझा स्वतःचा उपदेश आठवायला हवा होता. जुन्या पोथ्यांचे संपादन हा माझा जन्मभराचा व्यवसाय. नवी प्रत कितीही सुवाच्य असली तरी जीर्ण प्रत टाकून देऊ नये, कारण नव्या प्रतीला जे ठाऊक नसते ते जुनीत असते, हे मी तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहून घसा खरवडून सांगितले. विद्यार्थी ते लिहून घेत. मी मात्र ते कधी लिहून घेतले नाही.

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीने विचारले, की भाच्याला एकदा फोन करून मग काय ते काढावे, असे कोणाला वाटत नाही का. मी म्हटले, वाटते, पण तो मीटिंगमध्ये आहे आणि घड्याळ मीटिंगमध्ये नाही. दंतवैद्यांनी सूचना केली, की काढण्यापूर्वी सगळे उघडे काम बंद करावे, जसे रुग्णाला आधी चूळ भरायला लावतात. मी स्वल्पविरामाचा त्याग करून ग्रंथ बंद केला. यादीतल्या त्या ओळीपुढे खूण केली. यंत्राने एक शेवटचा प्रश्न विचारला: हे केल्यावर मागे जाता येणार नाही, पुढे जायचे का? या वयात मागे जायची इच्छा कोणाला आहे, असे म्हणून मी 'होय' दाबले.

उच्चाटनास बावीस मिनिटे लागली. आकडे चढत गेले आणि आम्ही दोघे खुर्च्या पुढे ओढून ते पाहत बसलो. शंभर झाल्यावर दंतवैद्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मग मी पडद्यावरच्या 'संक्षेपमीमांसा' या चित्रावर दोनदा बोट आपटले. ते चित्र क्षणभर पांढरे पडले, आणि खाली अक्षरे आली, की ही वस्तू जिथे होती ती जागाच आता अस्तित्वात नाही.

भाच्याने तिसऱ्या फोनला उत्तर दिले. मीटिंगमध्ये असल्यामुळे तो कुजबुजत होता, आणि कुजबुजत सांगितलेली वाईट बातमी अधिक वाईट वाटते असा माझा अनुभव आहे. नवी सिस्टिम घालताना माझे सगळे कागद जुन्या सिस्टिमच्या पोटातच राहिले होते. पडद्यावरचे ते चित्र म्हणजे ग्रंथ नव्हता, केवळ ग्रंथाकडे जायची वाट होती. "मी सांगितलं होतं मामा," तो म्हणाला, "की सगळं सावकाश हलवू, तोवर आतलं काही काढू नका म्हणून. दुसरी प्रत आहे ना?"

दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हवर एक प्रत करून ठेवा, असे सौभाग्यवती वर्षभर म्हणत होती. पण अपूर्ण ग्रंथाच्या प्रती केल्या की पाठभेद जन्माला येतात, आणि पुढच्या शतकातला कोणी संपादक त्या पाठभेदांमुळे हैराण होतो, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेले. पुढच्या शतकातल्या त्या सद्गृहस्थाला त्रास होऊ नये म्हणून मी नऊ वर्षे एकच प्रत ठेवली. त्याला आता खरोखरच कसलाही त्रास होणार नव्हता.

मी खुर्चीला टेकून बसलो. दंतवैद्यांच्या मात्र अंगात बळ संचारले. आपण सुचवलेल्या उपचाराने रुग्ण दगावतो आहे हे दिसल्यावर माणूस किती झटतो, हे मी त्या दिवशी पाहिले. पुसलेल्या फायली परत मिळवून देणारा एक प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवरून शोधून माझ्या यंत्रात उतरवला. तो कसा चालवावा हे समजेना, म्हणून त्याचा दोन तासांचा व्हिडिओ उतरवला. तो व्हिडिओ दाखवणारा आणखी एक प्रोग्राम लागतो असे कळले, तेव्हा तोही उतरवला. इतक्यात यंत्रालाच आपले पोट रिकामे झाल्याचे जाणवले असावे. त्याने आपण होऊन पडद्यावर कळवले, की पुरेशी जागा उपलब्ध झाल्यामुळे बरेच दिवस रखडलेले अपडेट आता आनंदाने घेत आहे.

त्याचा तो आनंद पाहून सौभाग्यवती पुढे झाली आणि तिने भिंतीतले बटण बंद केले.

साडेबाराला मी संगणकाची पेटी चादरीत गुंडाळून, लहान मूल घ्यावे तशी छातीशी धरून, चपलांच्या दुकानाच्या वर असलेल्या संगणक दुरुस्तीच्या खोलीत पोचलो. जिन्याला कठडा एकाच बाजूला होता आणि तो माझ्या बाजूला नव्हता. दुरुस्तीचे काम पन्नाशीच्या एक बाई करत होत्या. कपाळाला पट्ट्याने भिंग बांधलेले, पुढ्यात उघडी पडलेली चारपाच यंत्रे, आणि कोणाच्याही बोलण्याने घाई होणार नाही असा चेहरा. घरी याला काही केलेत का, असे त्यांनी वैद्याच्या सुरात विचारले. मी काहीही न लपवता सांगत गेलो. पुसण्याच्या हकिगतीपर्यंत त्या स्क्रू काढत होत्या. व्हिडिओचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, पुसणं म्हणजे नुसती दारावरची पाटी काढणं असतं," त्या म्हणाल्या. "सामान आत तसंच पडून असतं, दुसरं कोणी राहायला येईपर्यंत. तुम्ही सामान शोधायला म्हणून गेलात आणि स्वतःच तीन भाडेकरू घुसवलेत."

चौथा स्वतःहून आला, असे मी खाली मान घालून सांगितले.

ग्रंथ मिळेल का, असे मी विचारले. त्यांनी हार्ड डिस्कची तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि सांगितले, की पूर्ण पाहून व्हायला तीन तास लागतील, मिळाले तर मिळाले. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, उभे राहिल्याने ते लवकर होत नाही.

तेव्हा मला मूळ कागदांची आठवण झाली. गुरुजींची ती पाकिटे आणि कॅलेंडरची पाने मी टंकलेखन संपताच शहरातल्या अभिलेखागारात जतनासाठी दिली होती. ती मिळाली तर रातोरात नव्हे, पण दोन तासांत चारजण बसून निदान गुरुजींचे शब्द तरी पुन्हा टंकता येतील, असा विचार करून मी रिक्षा केली. पावणेदोनला मी तिथे पोचलो. अभिलेखपाल माझा जुना विद्यार्थी. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी मागवले, माझी कहाणी ऐकताना त्याचे डोळे पाणावले, आणि मग त्याने एक छापील अर्ज माझ्यापुढे सरकवला.

अर्ज भरल्यापासून कागद हाती यायला तीन पूर्ण कामाचे दिवस लागतात. शिवाय अर्जदाराने कागद देणाऱ्याचे संमतिपत्र जोडायचे असते. कागद देणारा मीच होतो, म्हणून मला कागद द्यायला माझी हरकत नाही असे एक पत्र मी तिथेच बसून लिहिले. त्यावर साक्षीदार लागतो, असे त्याने अतिशय आदराने सांगितले, आणि तो अर्जदाराचा आप्त नसावा. मी म्हटले, हा नियम कोणत्या मूर्खाने केला. त्याने फक्त माझ्या डोक्यामागच्या भिंतीकडे पाहिले. तिथे चौकटीत नियमावली लावलेली होती आणि तळाशी समितीच्या अध्यक्षाची सही होती. सही माझी होती. वर, मोठ्या अक्षरात, माझेच एक वाक्य उद्धृत केलेले होते: घाईतला माणूस हा हस्तलिखिताचा सर्वांत मोठा शत्रू होय.

"सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की नियमाला ओळखदेख नसते," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मोडला, तर तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

शिष्य इतका चांगला निघेल असे वाटले असते, तर मी जरा वाईट शिकवले असते. त्याने मला दारापर्यंत सोडले. अर्जाची पोच मात्र घेऊन जा म्हणाला, म्हणून ती घेतली.

परत दुरुस्तीच्या खोलीत पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती. वाटेत मुद्रकाचे दोन फोन येऊन गेले होते आणि मी दोन्ही वेळा, मजकूर अंतिम टप्प्यात आहे, असे खरे तेच सांगितले होते. खोलीत सौभाग्यवती बसलेली होती. माझी रक्तदाबाची गोळी आणि वाचायचा चष्मा घेऊन ती दीड तासापासून तिथे होती, आणि एव्हाना त्या दोघी एकमेकींना नावाने हाक मारू लागल्या होत्या. दंतवैद्यही एका स्टुलावर होते. दवाखाना उघडायला मन होईना, असे ते म्हणाले.

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. ग्रंथाचे अवशेष सापडले होते. मी वेळोवेळी जतन केलेल्या अवस्थांचे ते अकरा तुकडे होते. पहिला उघडला. चार पाने निर्दोष होती आणि पाचव्यापासून सहाशे बाराव्यापर्यंत नुसते चौकोन होते. दुसऱ्यात टिपा क्रमांक तीनशे ते तीनशे सहा होत्या, पण त्या कशावरच्या टिपा आहेत ते नव्हते. तिसऱ्यात माझ्या मजकुराच्या मधोमध यंत्राच्या नव्या अपडेटचे आभारप्रदर्शन येऊन बसले होते. सात, आठ, नऊ. प्रत्येक वेळी माझा श्वास वर जाई आणि चौकोन दिसले की खाली येई. अकरावा तुकडा उघडलाच नाही.

"एक प्रत धड आहे," बाई म्हणाल्या. "पण ती फार जुनी आहे. लहान होती म्हणून एका कोपऱ्यात वाचली."

ती नऊ वर्षांपूर्वीची होती. टिपा लिहायला घेताना मी वेगळी फाइल सुरू केली होती, आणि ज्या फाइलमध्ये गुरुजींचे कागद पहिल्यांदा उतरवले ती मी साफ विसरून गेलो होतो. मी पाने वर सरकवत गेलो. चौऱ्याण्णव पाने. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गुरुजींचे सगळे शब्द, जसेच्या तसे. टीप एकही नाही.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली होती. दंतवैद्य आनंदाने उठून उभे राहिले. मी बसून राहिलो. आता जे सांगतो ते सांगायला बरे वाटत नाही. पण संपादकाने प्रतीतला कलंकही नोंदवायचा असतो. माझ्या मनात आले, की तीन आठवडे म्हणजे काही फार नव्हे. पाचशे अठरा पाने टिपांची होती. त्यांतल्या मुख्य दोनशे तरी मला आठवून लिहिता येतील. चौऱ्याण्णव पानांचे चोपडे शताब्दीला काकूंच्या हातात ठेवणे गुरुजींना शोभणारे नाही. काकूंचा डोळा तीन आठवडे सहज टिकेल, नेत्रवैद्य नेहमी थोडे भीती घालूनच बोलतात. मुद्रकाला फोन लावून मी म्हणणार होतो, की पुढच्या खेपेला घ्या. बोट क्रमांकावर होतेच.

सौभाग्यवतीने चष्मा पुसून माझ्या हातात दिला. "काकूंचा डोळा तुमच्या टिपांसाठी थांबलाय का हो?" तिने विचारले. तेवढेच विचारले, आणि ती पुन्हा खिडकीतून खाली पाहू लागली.

मी मुद्रकाला फोन लावला आणि पाने चौऱ्याण्णव आहेत असे सांगितले. "सर, मी पुस्तकाचा कणा चार बोटांचा आखलाय," तो म्हणाला. "चौऱ्याण्णव पानांना तो लावला, तर कपाट म्हणतील त्याला." मग त्याने मुखपृष्ठ पुढ्यात घेतले असावे. गुरुजींच्या नावाखाली 'विस्तृत टिपांसह' अशी ओळ आहे, ती काढायची का, असे विचारले. काढा, म्हटले. त्याच्या खाली तुमचे नाव आहे, संपादक म्हणून. त्याचे काय?

दंतवैद्यांनी मान दुसरीकडे वळवली. सहानुभूतीने मान वळवलेली दिसणे हे सरळ पाहण्यापेक्षा जास्त लागते.

"तेही काढा," मी म्हटले. "शेवटच्या पानावर, तळाशी, लहान टायपात लिहा: टंकलेखन. आणि पुढे नाव."

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी बाईंनी फाइल पाठवली. चौऱ्याण्णव पानांना असा कितीसा वेळ लागणार, असे वाटले होते, पण निळी रेघ अर्ध्यावर जाऊन उभी राहिली. खालच्या चपलांच्या दुकानात कोणी तरी एकसारखे बूट आपटून पाहत होते. चार पंचावन्नला रेघ किंचित हलली. चार सत्तावन्नला सौभाग्यवतीने माझी गोळी पाण्याबरोबर मला दिली आणि मी ती पडद्यावरची नजर न काढता घेतली. चार अठ्ठावन्नला फोन वाजला. "पोचलं," मुद्रक म्हणाला, "चढवतो." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दंतवैद्य जिना उतरताना एवढेच म्हणाले, की वर्तमानपत्र उद्या आणून देतो.

रविवारी सभागृह भरलेले होते. गुरुजींचे जिवंत असलेले बहुतेक सगळे शिष्य आले होते, आणि नऊ वर्षे चाललेल्या महाकार्याविषयी मी सर्वांना वेळोवेळी सविस्तर लिहिले असल्यामुळे त्यांपैकी काहीजण ते उचलायला पिशव्या घेऊन आले होते. मी ते बोटभर जाडीचे पुस्तक काकूंच्या हातात ठेवले तेव्हा पहिल्या रांगेत कुजबुज झाली. ती पिशव्यांपर्यंत पोचली. सभेच्या अध्यक्षांनी भाषण सुरू करायचे होते, पण काकूंनी पर्समधून भिंग काढले आणि तिथेच, व्यासपीठावरच्या खुर्चीत, पहिले पान वाचायला घेतले. मग सगळे थांबले. एकोणनव्वद वर्षांच्या बाई वाचत असताना मध्ये कोणी बोलू शकत नाही.

मी वाकून त्यांच्या कानाशी सांगितले, की टिपा गेल्या, चूक सर्वस्वी माझी, आणि आपण अनुमती दिलीत तर दुसऱ्या आवृत्तीत मी त्या पुन्हा लिहीन.

त्यांनी पानावरून भिंग उचलले नाही. "तू दर महिन्याला येऊन टिपा वाचून दाखवायचास ना," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा मला धास्ती वाटायची. वाटायचं, एवढ्या गर्दीत हे मला सापडतील का रे?"

त्यांनी पान उलटले. भिंग एकेका शब्दावरून सरकत होते, मधूनच ओठ हलत होते, आणि एकदा त्या कशाला तरी हसल्या. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एका कठीण शब्दापाशी भिंग थांबले. तो शब्द मला चांगलाच परिचयाचा होता, त्यावर माझी सव्वाचार पानांची टीप होती. अर्थ माझ्या ओठांवर आला. मी शेजारी उभा राहिलो, आणि तो सांगितला नाही.